मेल प्रोग्रॅमने काय करू नये

सकाळी ऑफिसात आल्यावर आउटलुक किंवा थंडरबर्ड उघडायचे आणि संध्याकाळपर्यंत चालू ठेवायचे, अशी पद्धत असणारा वर्ग आजही मोठा आहे. वकील, सनदी लेखापाल, निर्यातदार, कॉलेजांची ऑफिसे, कारखान्यांचे खरेदी विभाग यांची वर्षानुवर्षांची मेल याच प्रोग्रॅमांत साठलेली असते. गेल्या पंचवीस वर्षांत हे प्रोग्रॅम सुरक्षिततेच्या बाबतीत खूप बदलले. त्या बदलांकडे पाहताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. ज्या सुधारणा वापरणाऱ्याच्या हाती नवे हत्यार देऊन ‘आता तू सांभाळ’ असे म्हणाल्या, त्या फारशा रुजल्या नाहीत. ज्या सुधारणांनी प्रोग्रॅमला आपणहून काही करण्यापासून रोखले, त्यांचा फायदा मात्र ज्यांनी सेटिंगचे पान कधी उघडलेही नाही त्यांनाही झाला. म्हणून मेल प्रोग्रॅम किती सुरक्षित आहे हे तो न विचारता काय काय करतो यावर जोखावे, असे माझे म्हणणे आहे. याला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे वजनदार आहेत. ते मी इथे एका वकिलाच्या तोंडी घातले आहेत आणि माझी बाजू एका तंत्रज्ञ बाईंच्या तोंडी. दोघे कल्पित आहेत, दाखले खरे आहेत, आणि मधे गरज वाटली तिथे माझेही चार शब्द आहेत.

वकील : मॅडम, मला मुळात हा सगळा प्रश्नच जुना वाटतो. आज मेल ब्राउझरमध्ये उघडते, मोबाइलवर उघडते. गूगल, मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे फक्त सुरक्षितता पाहणारे हजारो लोक आहेत. माझ्या ऑफिसात एक कारकून, दोन ज्युनियर आणि एक प्रिंटर. आमच्यापैकी कोणी प्रोग्रॅमची आवृत्ती बघत बसणार आहे का? तेव्हा डेस्कटॉपवरचा मेल प्रोग्रॅम सुधारत बसण्यापेक्षा तो सोडून दिलेला बरा. आणि दुसरे असे की, या क्षेत्रातल्या ज्या मोठ्या घटना सांगितल्या जातात त्यांत चूक माणसाचीच असते. २००० सालचा तो ‘आय लव्ह यू’ व्हायरस घ्या. अनोळखी फाइल उघडली कोणी? माणसाने. मग प्रोग्रॅमला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करायचे? मी उघडपणे सांगतो, लोकांना शहाणे करा, प्रोग्रॅम आपोआप सुरक्षित होतील.

तंत्रज्ञ : वकीलसाहेब, तुम्ही दिलेलाच दाखला घेऊ, कारण तो तुमच्या विरोधात जातो. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेली ती मेल काही तासांत जगभर पोचली. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली मेल यंत्रणा बंद ठेवावी लागली. फाइलचे पूर्ण नाव होते ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’. शेवटचे तीन अक्षरांचे शेपूट सांगत होते की ही चालणारी स्क्रिप्ट आहे. पण विंडोज ओळखीच्या फाइलींचे शेपूट मूळ सेटिंगमध्येच लपवत असे, म्हणून पुष्कळांना ‘.टीएक्सटी’ एवढेच दिसले, म्हणजे साधा मजकूर. शिवाय ती अनोळखी माणसाकडून आलेली नव्हती. ज्याच्या संगणकावर ती चालली त्याच्या आउटलुकमधली पत्त्यांची वही ती वाचत होती आणि त्याच्याच नावाने सगळ्यांना पुढे जात होती. म्हणजे साहेबांकडून, बहिणीकडून, शेजारच्या टेबलावरून. आता सांगा, उघडणाऱ्याने कोणता शहाणपणा दाखवायचा होता? माहिती लपवली विंडोजने आणि कुठल्याही स्क्रिप्टला पत्त्यांची वही उघडू दिली आउटलुकने. उपायही तिथेच झाला. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी सुधारणा काढली. व्हीबीएस, ईएक्सई अशा चालणाऱ्या फाइली मेलमधून उघडू देणे बंद झाले, आणि दुसरा प्रोग्रॅम पत्त्यांच्या वहीला हात लावू लागला तर आधी विचारणा होऊ लागली. कामाच्या फाइलीही अडतात म्हणून तेव्हा तक्रारी झाल्या. पण पत्त्यांची वही वाचून स्वतःच पसरणाऱ्या व्हायरसची सोपी वाट बंद झाली ती या नकारामुळे. लोक काही त्या जूनमध्ये एकदम शहाणे झाले नव्हते.

वकील : मान्य, तो जुना काळ होता. पण मग खरी सुधारणा म्हणून मी एन्क्रिप्शनकडे बोट दाखवीन. आमच्या व्यवसायात पक्षकाराने सांगितलेली गोष्ट बाहेर जाऊ न देणे हे कायद्याचे बंधन आहे. आधी ते पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. पाठवणाऱ्याच्या संगणकावर मजकूर कूटबद्ध व्हावा आणि ज्याच्यासाठी आहे त्याच्याच संगणकावर उलगडावा, यापेक्षा चोख व्यवस्था कोणती? हे करणारा पीजीपी हा प्रोग्रॅम फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये काढला. थंडरबर्डमध्ये त्यासाठी अनेक वर्षे एनिगमेल नावाचे जोडपत्र लावावे लागायचे. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ते काम प्रोग्रॅमच्या आतच आले. ही खरी झेप. तुम्ही मात्र चित्रे अडवा, फाइली अडवा अशा किरकोळ गोष्टींना सुधारणा म्हणता.

तंत्रज्ञ : एन्क्रिप्शन आत आले हे चांगलेच झाले, त्याबद्दल वाद नाही. ज्या पत्रकाराला किंवा वकिलाला त्याची खरी गरज आहे त्याला आता जोडपत्र शोधत फिरावे लागत नाही. पण त्याने सामान्य वापरणारा सुरक्षित झाला का? १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या संशोधकांनी पीजीपी ५.० ची एक चाचणी घेतली होती. ईमेल सराईतपणे वापरणाऱ्या १२ जणांना दीड तास दिला आणि एक गुप्त निरोप कूटबद्ध करून, सही करून पाठवायला सांगितला. दिलेल्या वेळात ते नीट जमले एक तृतीयांश लोकांना. तिघांनी तर तो गुप्त निरोप चुकून उघडाच पाठवून दिला. त्यांची फजिती आळसामुळे झाली नव्हती. सार्वजनिक किल्ली कोणती, खासगी कोणती, कोणाला कोणती द्यायची, ती खरी कशी ओळखायची, एवढे सगळे डोक्यात ठेवून पत्र लिहायचे होते. आज पडदे सुधारले आहेत, पण समोरच्याकडेही किल्ली असावी लागते ही अट कायम आहे. तुमच्या किती पक्षकारांकडे ती आहे?

आणि कूटबद्ध मेलही कशी फुटली ते जरा बारकाईने पाहू. मे २०१८ मध्ये म्युन्स्टर, बोखुम आणि ल्युव्हन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘ईफेल’ नावाचा हल्ला जाहीर केला. समजा कोणीतरी तुमची जुनी कूटबद्ध मेल वाटेत पकडून ठेवली आहे. ती त्याला वाचता येत नाही, कारण किल्ली तुमच्याकडे आहे. मग तो तुम्हालाच एक तीन भागांची मेल पाठवतो. पहिल्या भागात वेबपानाच्या भाषेत एक चित्र मागवलेले असते; चित्राचा पत्ता त्याच्या स्वतःच्या सर्व्हरचा, आणि पत्त्याभोवतीचे अवतरणचिन्ह उघडून तसेच सोडलेले. दुसऱ्या भागात ती चोरलेली कूटबद्ध मेल जशीच्या तशी. तिसऱ्या भागात फक्त ते अवतरणचिन्ह बंद केलेले. तुमचा प्रोग्रॅम दुसरा भाग तुमच्या किल्लीने इमानेइतबारे उलगडतो आणि तिन्ही भाग एकाला एक जोडतो. आता तुमच्या पत्राचा उघडा मजकूर चित्राच्या पत्त्याचाच भाग झाला. प्रोग्रॅम ते चित्र आणायला जातो, म्हणजे तुमचे पत्र हल्लेखोराच्या सर्व्हरला वाचून दाखवतो. ॲपल मेलसारख्या, दूरची चित्रे आपोआप आणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर यासाठी तुम्हाला एकही बटण दाबावे लागत नव्हते. थंडरबर्ड मुळातच अशी चित्रे अडवतो, म्हणून तिथे वाट अरुंद होती. तरीही त्या वर्षी ५२.८ आणि ५२.९ या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या. पुढच्या दाराला सात कुलपे आणि न्हाणीघराची खिडकी सताड उघडी, असा तो प्रकार होता. तुम्ही ज्याला किरकोळ म्हणालात, ते चित्र अडवणे इथे एन्क्रिप्शनच्या जिवावर बेतणार की नाही हे ठरवत होते.

इथे लेखक म्हणून मला थांबून थोडे सांगायचे आहे. ईफेल जाहीर झाले तेव्हा ‘पीजीपी फुटले’ असा बोभाटा झाला. तो अन्यायाचा होता. ज्या गणितावर पीजीपी उभे आहे ते गणित कोणी सोडवले नव्हते. उलगडलेला मजकूर हातात आल्यावर प्रोग्रॅमने तो सजवून दाखवण्याच्या नादात बाहेर जाऊ दिला, हा दोष होता. मेल सुरुवातीला साधा मजकूर होती. वेबपानासारखी मेल दाखवायची, तिच्यात रंग, रकाने, चित्रे आणायची, हा निर्णय नंतरचा. त्या निर्णयाबरोबर एक गोष्ट न सांगता आत शिरली: पत्र वाचताना वाचकाचा संगणक, पत्र लिहिणाऱ्याच्या सांगण्यावरून, तिसऱ्याच ठिकाणी जाऊन येऊ लागला. कागदावरच्या पत्राला हे कधीच जमले नसते. गेल्या दोन दशकांतल्या खासगीपणाच्या बहुतेक दुरुस्त्या या एका सवयीला लगाम घालण्यात खर्ची पडल्या आहेत, असे मला वाटते.

वकील : ईफेल हा संशोधकांचा प्रयोग झाला. माझी मेल वाटेत पकडून ठेवायला कोण बसले आहे? रोजच्या वापरात काय होते ते पाहा. बँकेचे पत्रक आले, विमान कंपनीचे तिकीट आले, आणि वर पट्टी: ‘खासगीपणा जपण्यासाठी चित्रे अडवली आहेत’. मग ते बटण दाबा, पुन्हा पाहा. वैताग येतो. आणि त्यातून वाचते काय? एखाद्या दुकानदाराला कळले की मी त्याची जाहिरात वाचली, तर कळू दे. माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही.

तंत्रज्ञ : लपवण्यासारखे तुमच्याकडे नसेल, तुमच्या पक्षकाराकडे असते. जाहिरातीच्या मेलमध्ये बिंदूएवढे, डोळ्याला न दिसणारे चित्र घातलेले असते. ते तुमच्या संगणकाने आणले की पाठवणाऱ्याला कळते: मेल किती वाजता उघडली, किती वेळा उघडली, कोणत्या उपकरणावर, आणि आयपी पत्त्यावरून साधारण कोणत्या गावातून. ही युक्ती दुकानदारांपुरती नाही. समोरच्या पक्षाच्या ऑफिसातून आलेल्या तडजोडीच्या मेलमध्येही तो बिंदू बसवता येतो. तुम्ही प्रस्ताव रात्री अकराला तीनदा उघडून पाहिला, हे त्यांना कळलेले चालेल का तुम्हाला? प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये व्यापारी मेलचा मोठा संच तपासला. त्यातल्या सुमारे ३० टक्के मेल नुसत्या उघडल्याने वाचणाऱ्याचा ईमेल पत्ता एका किंवा अधिक त्रयस्थ कंपन्यांकडे जात होता. अशा बिंदूंमुळेच आउटलुकने २००३ च्या आवृत्तीपासून दूरची चित्रे अडवायला सुरुवात केली. जीमेलने डिसेंबर २०१३ मध्ये चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवायला घेतली, म्हणजे तुमचा आयपी पत्ता तरी झाकला गेला. ॲपलने २०२१ मध्ये आणखी पुढे जाऊन एक पर्याय दिला, ज्यात चित्रे पडद्यामागे आधीच आणली जातात. तुम्ही मेल उघडली की नाही हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. तुमच्या वैतागाचा मुद्दा यात सुटतो, हेही पाहा. चित्र दिसते आणि बातमी जात नाही.

पण आपोआप काहीतरी आणायला जाण्याची खोड केवळ चित्रांपुरती नसते, आणि तिथे लपवण्यासारखे काही असण्या-नसण्याचा प्रश्नच उरत नाही. १४ मार्च २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजवरच्या आउटलुकमधले एक भगदाड बुजवले. त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२३-२३३९७. आउटलुकमध्ये बैठकीची आठवण द्यायला घंटा वाजते. कोणता आवाज वाजवायचा त्या फाइलचा पत्ता निरोपातच लिहिता येत असे, आणि तो लिहिण्याची मुभा पाठवणाऱ्यालाही होती. हल्लेखोर तिथे इंटरनेटवरच्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता लिहायचा आणि आठवणीची वेळ होऊन गेलेली दाखवायचा. मेल येताच आउटलुक आवाजाची फाइल आणायला त्या सर्व्हरकडे जायचे, आणि विंडोज आपल्या सवयीने तिथे ओळख पटवण्यासाठी पासवर्डपासून बनवलेला पुरावा देऊन टाकायचे. तो पुरावा पुढे दुसरीकडे वापरता येतो. मेल उघडणे दूरच, पूर्वदृश्यात दिसण्याचीही गरज नव्हती. ही माहिती मायक्रोसॉफ्टला दिली युक्रेनच्या सरकारी सायबर पथकाने, आणि युरोपातली काही सरकारी, वाहतूक, ऊर्जा व लष्करी कार्यालये या मार्गाने लक्ष्य झाली होती, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले. इथे कोणता कारकून चुकला, वकीलसाहेब? कोणते प्रशिक्षण द्यायचे होते? परक्या माणसाने सांगितलेली घंटा आणायला जायचे नाही, एवढे प्रोग्रॅमने पाळायला हवे होते.

वकील : ही घटना मला माहीत नव्हती, आणि ती गंभीर आहे. पण बघा, भगदाड कळले, बुजवले. हाच तर माझा पहिला मुद्दा. मोठ्या कंपनीच्या हाती सगळे असले की दुरुस्ती एका दिवसात सगळीकडे पोचते. मायक्रोसॉफ्टचे नवे आउटलुक बघा. ते आपले आपण अद्ययावत होते, मेल त्यांच्या क्लाउडमध्ये राहते, संगणक जळाला तरी काही जात नाही. गूगलनेही जाहिरातींसाठी जीमेल वाचणे बंद करत असल्याचे २०१७ मध्ये जाहीर केले. फसव्या मेल ओळखण्यात त्यांच्याशी कोणाची बरोबरी नाही. तुमचा डेस्कटॉपवरचा प्रोग्रॅम हे कसे करणार?

तंत्रज्ञ : फसव्या मेल गाळण्याबाबत तुमचे बरोबर आहे, फक्त ती चाळण सर्व्हरवर असते. जीमेलचे खाते थंडरबर्डमधून पाहिले तरी मेल गूगलच्या चाळणीतून गाळूनच येते. त्या फायद्यासाठी डेस्कटॉप सोडावा लागत नाही. आणि नव्या आउटलुकचे नाव तुम्ही घेतलेत ते बरे झाले. जुने आउटलुक असो की थंडरबर्ड, तुमचा संगणक थेट तुमच्या मेल कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. पासवर्ड या दोघांतच राहतो. नव्या आउटलुकमध्ये दुसऱ्या कंपनीचे, आयमॅप या नेहमीच्या पद्धतीचे मेल खाते जोडले, तर त्या खात्यात शिरण्याचा अधिकार मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जातो आणि मेल, पत्ते, दिनदर्शिका यांची प्रत त्यांच्या क्लाउडमध्ये होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीच्या हाइझ या प्रकाशनाने तपासून दाखवले की साध्या आयमॅप खात्यांच्या बाबतीत सर्व्हरचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड मायक्रोसॉफ्टकडे पाठवले जात होते. वाटेत ते कूटबद्ध असतात, पण पोचल्यावर त्यांच्या हाती असतात. जर्मनीचे तेव्हाचे डेटा संरक्षण आयुक्त उल्रिख केल्बर यांनी यावर जाहीर चिंता व्यक्त केली. खाते जोडताना सूचनेची एक चौकट येते, हे मी नाकारत नाही. पण पुण्यातल्या एखाद्या होस्टिंग कंपनीकडे मेल ठेवणाऱ्या वकिलाला ती चौकट वाचून कळेल का, की पक्षकारांची सगळी पत्रे आता आणखी एका कंपनीकडे राहायला जाणार आहेत? विंडोजसोबत येणारा साधा मेल प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस बंद केला आणि लोकांना याच नव्या आउटलुककडे वळवले. पुष्कळांनी ते निवडलेलेच नाही.

राहिला मोठ्या कंपनीचा भरवसा. २०२३ मध्ये चीनशी संबंधित एका टोळीने मायक्रोसॉफ्टची सही करण्याची एक किल्ली मिळवली आणि तिच्या जोरावर २२ संस्था व ५०० हून अधिक व्यक्तींच्या ऑनलाइन मेलपेट्या उघडल्या. त्यांत अमेरिकेच्या तेव्हाच्या वाणिज्यमंत्री होत्या. अमेरिकी सरकारच्याच सायबर सुरक्षा आढावा मंडळाने २०२४ च्या अहवालात म्हटले की हे टाळता येण्यासारखे होते. मी असे म्हणत नाही की मायक्रोसॉफ्ट तुमच्या ऑफिसापेक्षा निष्काळजी आहे. सगळ्यांची मेल एकाच किल्लीखाली आली की एक चूक सगळ्यांची होते, एवढेच सांगते. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात सुरक्षेचे वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उद्या कोणी विचारले की पक्षकारांची मेल कोणाकोणाकडे आहे, तर उत्तर तुम्हाला देता यायला हवे.

वकील : मग तुमच्या थंडरबर्डचीही उलटतपासणी होऊ द्या. माझ्या माहितीप्रमाणे २०२१ मध्ये उघड झाले की काही आवृत्त्यांत एन्क्रिप्शनच्या गुप्त किल्ल्या डिस्कवर उघड्याच साठवल्या जात होत्या. ज्या सुधारणेचे एवढे कौतुक, तिच्यातच ही चूक. मेल फाइली डिस्कवर साध्या मजकुरात असतात. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला वाचता येतात. साठवलेले पासवर्ड सेटिंगमध्ये जाऊन कोणीही पाहू शकतो, तुम्ही वेगळा मुख्य पासवर्ड लावला नसेल तर. आणि वापराची आकडेवारी थंडरबर्डही आपल्या कर्त्यांकडे पाठवतो. ती बंद करायची तर तुम्हीच जाऊन करायची. तुमच्याच कसोटीवर तो उतरतो का? न विचारता बरेच काही तोही करतो.

तंत्रज्ञ : तुमची माहिती बरोबर आहे, आणि यातला एकही मुद्दा मी झटकणार नाही. ७८.८.१ ते ७८.१०.१ या आवृत्त्यांत आयात केलेल्या गुप्त किल्ल्यांना संरक्षण मिळत नव्हते, ७८.१०.२ मध्ये ते दुरुस्त झाले. प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे म्हणून चुका होत नाहीत, असे कोणी म्हणू नये. खुलेपणाचा उपयोग एवढाच की चूक क्रमांकासह, आवृत्त्यांसह जाहीर होते आणि तुम्हाला ती माझ्यासमोर उलटतपासणीत वापरता येते. आकडेवारी पाठवण्याचे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ती विचारून सुरू व्हायला हवी होती. मुख्य पासवर्डचेही तसेच. पहिल्यांदा खाते जोडतानाच तो सुचवायला हवा. लॅपटॉप चोरीचा उपाय मात्र मेल प्रोग्रॅमकडे मागू नका. अख्खी डिस्कच कूटबद्ध करायची सोय विंडोजमध्ये, मॅकमध्ये, लिनक्समध्ये आहे. ती एकदा चालू केली की रोज काही करावे लागत नाही. आणि पासवर्डचा प्रश्न आता बराचसा मागे पडत चालला आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांना नुसत्या पासवर्डने मेल प्रोग्रॅम जोडू देणे बंद केले, मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून कार्यालयीन खात्यांचे जुन्या पद्धतीचे लॉगिन बंद करायला घेतले. आता ब्राउझरची खिडकी उघडते, तिथे तुम्ही मोबाइलवरच्या खातरजमेसह ओळख पटवता, आणि प्रोग्रॅमला पासवर्डऐवजी एक परवाना मिळतो, जो तुम्ही नंतर रद्द करू शकता. जुन्या मशिनांवर मेल अडली म्हणून लोक तेव्हा चिडले. पण कोट्यवधी खात्यांमधून पासवर्ड साठवण्याची सवय यामुळे गेली, आणि त्यासाठी एकाही माणसाला दीड तासाची परीक्षा द्यावी लागली नाही.

या वादात वकिलांचे दोन मुद्दे मला खोडता येत नाहीत. ज्या ऑफिसात संगणक वर्षानुवर्षे अद्ययावत होत नाही, डिस्क उघडी आहे आणि एकच लॉगिन चौघे वापरतात, तिथे ब्राउझरमधली जीमेलच बरी. डेस्कटॉपच्या बाजूने कितीही प्रेमाने लिहिले तरी ते बदलत नाही. आणि एन्क्रिप्शन ज्यांना खरोखर हवे आहे त्यांच्यासाठी २०२० ची सुधारणा मोलाची आहे. ती थोड्यांच्या कामाची आहे म्हणून कमी दर्जाची ठरत नाही. पण ‘लोकांना शहाणे करा’ हा त्यांचा उपाय मला पटत नाही. तो बोलायला सोपा आहे आणि त्याने जबाबदारी नेमकी सगळ्यात कमी माहिती असलेल्या माणसावर, म्हणजे त्या कारकुनावर येते. लव्ह लेटरची फाइल, ईफेलचे चित्र, घंटेची फाइल, क्लाउडमध्ये गेलेली प्रत, या चारही ठिकाणी प्रोग्रॅमने मालकाला नीट न विचारता दुसऱ्याचे ऐकले. त्यातल्या पहिल्या तिन्ही ठिकाणी दुरुस्ती झाली ती प्रोग्रॅमचे ते ऐकणे बंद करून. चौथ्या ठिकाणी ती अजून झालेली नाही, कारण तिथे प्रत करणे ही चूक नसून कंपनीने ठरवून केलेली रचना आहे.

ती बदलेपर्यंत निर्णय खाते जोडणाऱ्याच्या हातात आहे. म्हणून नवा मेल प्रोग्रॅम लावताना घाईने ‘पुढे’ दाबू नका. खाते जोडण्याच्या पडद्यावर जी लहान अक्षरांतली सूचना येते ती पूर्ण वाचा. आपली आणि आपल्या पक्षकारांची मेल कोणाच्या सर्व्हरवर जाणार, हे तिथेच लिहिलेले असते.